सेवाधर्म आणि सत्तेचे दार

निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांना गाठून सार्वजनिक आरोग्यसेवेविषयी त्यांच्याकडून जाहीर वचन घेणाऱ्या स्वयंसेवकाचे काम वरवर पाहता राजकारणाचे वाटते. परंतु ज्या समाजाने रुग्णसेवेला धर्म मानले आहे, त्या समाजात या कामाचा विचार धर्माच्या अंगानेही करावा लागतो. रुग्णाच्या उशाशी बसणे ही सेवा आहे, याविषयी कोणाचे दुमत नसते. मात्र त्याच रुग्णासाठी सत्तेचे दार ठोठावले, तर ती सेवा उरते की सत्ताकारण होते, याविषयी श्रद्धावान मनात शंका उभी राहते. संत एकनाथांच्या पैठणात ही शंका तपासून पाहण्याजोगी सामग्री विपुल आहे.

असे काम महाराष्ट्रात नवे नाही. सन 2000 पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याचा संकल्प 1978 मध्ये आल्मा-आटा येथील परिषदेत जगातील राष्ट्रांनी केला होता. तो अपुरा राहिल्याचे दिसल्यावर डिसेंबर 2000 मध्ये बांगलादेशातील सावर येथे निरनिराळ्या देशांतील कार्यकर्त्यांची लोक आरोग्य सभा भरली, आणि याच प्रवाहातून भारतात जन स्वास्थ्य अभियान व महाराष्ट्रात जन आरोग्य अभियान ही व्यासपीठे उभी राहिली. निवडणुकीपूर्वी राजकीय पक्षांपुढे आरोग्यविषयक मागण्यांचा जाहीरनामा, म्हणजे लोकांच्या बाजूने लिहिलेला वचनांचा मसुदा, ठेवण्याची पद्धत या व्यासपीठांनी रुजवली. पैठणसारख्या मतदारसंघात, जिथून गंभीर रुग्णाला सुमारे 50 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे न्यावे लागते, तिथे रिक्त पदे, औषधांचा साठा आणि रुग्णवाहिका यांविषयी उमेदवाराला विचारलेला प्रश्न हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

या कामावरचा मुख्य आक्षेप गीतेतील निष्काम कर्माच्या सिद्धान्तातून येतो. निष्काम कर्म म्हणजे फळाची आसक्ती न ठेवता केलेले कर्तव्य. आणि असा स्वयंसेवक तर उघडपणे फळासाठीच झटत असतो. या आक्षेपात फळ या कल्पनेचे दोन अर्थ एकत्र मिसळले आहेत. कर्त्याला मिळणारे मान, पद किंवा पुण्य हे एक फळ आणि ज्याच्यासाठी कर्म केले त्याचे दुःख निवारण होणे हे दुसरे. गीतेचा निषेध पहिल्याच्या आसक्तीला आहे, दुसऱ्याविषयी बेफिकीर राहण्याची शिकवण तीत नाही. उलट तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रह, म्हणजे समाजाची धारणा व्हावी आणि लोक सन्मार्गाला लागावेत यासाठी ज्ञानी पुरुषानेही करायचे कर्म, हा विचार लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाच्या केंद्रस्थानी आणला. दुसरा आक्षेप विनोबांच्या विचारातून निघतो. सत्ता मिळवण्यासाठी चालणाऱ्या राजनीतीहून लोकांची स्वतःची शक्ती जागवणारी लोकनीती त्यांनी वेगळी मानली होती. हा भेद मोलाचा आहे. पण स्वतः सत्ता न मागता सत्तेला लोकांसमोर उत्तर द्यायला लावणे हे लोकनीतीच्या कक्षेत बसते, कारण त्यात शक्ती मतदारांची जागते.

पैठणची परंपरा या निष्कर्षाला बळ देते. एकनाथांचे पणजोबा भानुदास हे विजयनगरच्या राजाकडे जाऊन पंढरीचा विठ्ठल परत घेऊन आले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे; या कथेतला भक्त राजाकडे जातो तो स्वतःसाठी काही मागायला नव्हे, तर जे सर्वांचे आहे ते सर्वांना परत मिळावे म्हणून. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे राज्यकारभारातले अधिकारी होते, आणि त्यांच्या साधनेला हा अधिकार आड आला असे परंपरा मानत नाही. स्वतः एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची कथा भूतदयेचे, म्हणजे सर्व प्राणिमात्रांत एकच ईश्वर पाहून वाटणाऱ्या करुणेचे, उदाहरण म्हणून सांगितली जाते. तहानलेला जीव समोर असतो तेव्हा हातातली कावड पुरते; परंतु ज्या तालुक्यात डॉक्टरांचे पद रिक्त आहे तिथल्या तापाच्या रुग्णाला एका व्यक्तीची दया पुरत नाही, कारण ते पद भरण्याचा अधिकार शासनाकडे असतो. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचा अनुच्छेद 47 सांगतो, आणि आरोग्यावरील सरकारी खर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने लिहून ठेवले. मार्च 2023 मध्ये राजस्थानच्या विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा संमत केला, त्यामागे तिथल्या कार्यकर्त्यांचा दीर्घ पाठपुरावा होता आणि त्याच वर्षी त्या राज्यात निवडणूकही व्हायची होती. जिथे दुःखाचे निवारण शासनाच्या हाती आहे, अशा ठिकाणी करुणा धोरणापर्यंत पोहोचली नाही, तर ती अर्ध्या वाटेवरच थांबते.

तथापि या सेवेला कठोर पथ्ये आहेत. स्वयंसेवकाने स्वतःसाठी उमेदवारी, पद किंवा कंत्राट यांपैकी काहीही मागू नये. सर्व उमेदवारांना एकच प्रश्न, एकाच शब्दांत आणि लोकांसमक्ष विचारावा. धर्माच्या नावाने मत मागणे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 नुसार भ्रष्ट आचरण ठरते. म्हणून दिंडी, कीर्तन किंवा नाथषष्ठीची यात्रा यांचा वापर कोणा पक्षासाठी होऊ देऊ नये. सर्वांभूती ईश्वर पाहणाऱ्याला नकार देणारा उमेदवारही शत्रू मानता येत नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलताना वाणी सत्य आणि मृदू असावी लागते. सर्वांत अवघड पथ्य मतदानानंतर सुरू होते: वचन देणारा जिंकला तर त्याच्यामागे पाठपुरावा करणे, हरला तर निवडून आलेल्याकडे तीच मागणी नेणे, आणि दोन्ही वेळी चित्त समतोल राखणे. निष्कामतेची खरी परीक्षा निकालाच्या दुसऱ्या दिवशी होते.

या पथ्यांत राहून केलेला आरोग्याचा प्रचार ही रुग्णसेवेचीच पुढची पायरी आहे, आणि नाथांच्या गावातील ज्या भाविकाला भूतदया हे व्रत वाटते, त्याने उमेदवार दारी आल्यावर हात जोडण्याबरोबरच तालुक्यातल्या दवाखान्याविषयीही विचारले पाहिजे.