टाकीमागची मजुरी

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात औषध मारायचा दिवस ठरला की मालकाच्या डोक्यात तीन हिशेब सुरू होतात. औषध केवढ्याला पडलं, पंपाचं भाडं किती आणि गडी टाकीमागे काय घेणार. मीही जमीनमालक आहे. भात घेतो, भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा घेतो. हे तिन्ही हिशेब मला तोंडपाठ आहेत. या कामात धोका किती आणि तो कोणाच्या अंगावर जातो, हा चौथा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नसतो. तो मला स्वतःपुढे मांडायचा आहे.

एचटीपी पंप आल्यापासून फवारणी उरकते लवकर, हे खरं. बांधावर इंजिन, शेजारी औषध कालवलेलं बॅरल, तिथून पिकात गेलेला लांबलचक पाईप आणि त्याच्या टोकाला गन. एक जण पाईप ओढतो, एक जण गन धरतो. पाठीवरच्या पंपाने जिथे दिवस मोडायचा, तिथे आता काही तासांत काम होतं. पण हा वेळ वाचतो तो दाबामुळे. मोटारीच्या टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला साधारण दोन-अडीच किलो दाब असतो. एचटीपी पंप औषध ढकलतो तो २० ते ४० किलोच्या दाबाने. आणि माणसाची कातडी भेदायला सातेक किलोचा दाबही पुरतो.

पाईपला सुईएवढं भोक पडलं की उडणारी धार बोटाने दाबून धरायची, मग सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि पुढे चालू करायचं, ही शिवारातली रीत. ती धार बोटात शिरली तर दिसतो फक्त एक ठिपका. रक्त जवळजवळ येत नाही, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. गडी हात धुतो आणि कामाला लागतो. आत मात्र औषध स्नायूबंधांच्या कडेने पसरत गेलेलं असतं. काही तासांत बोट सुजतं, ठणकतं, काळं पडू लागतं. अशा जखमेला त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते. हात उघडून आतून साफ करावा लागतो. उशीर झाला तर बोट काढायची पाळी येते. म्हणून दवाखान्यात ‘हाताला लागलं’ एवढंच सांगून भागत नाही. दाबाखाली औषध आत गेलंय हे सांगायला हवं, आणि औषधाचा डबा सोबत न्यायला हवा. हे गड्याला ठाऊक असतं का? आणि नसेल, तर ते त्याला सांगायचं काम कोणाचं?

दुसरी गोष्ट नोझलची. बॅरलमधलं पाणी नीट गाळलेलं नसलं की नोझल चोकअप होतं. गडी गन बंद करतो, नोझल फिरवून काढतो, तोंडाला लावून फुंकतो, पुन्हा बसवतो. त्याच हातावर तंबाखू-चुना मळतो आणि ओठाखाली धरतो. निपाणीचा तंबाखू आमच्या भागात घरोघरी, त्यामुळे यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. खरी पद्धत वेगळी आहे. इंजिन बंद केलं तरी गन बंद असेल तर पाईपात दाब कोंडलेला राहतो. म्हणून आधी इंजिन बंद करायचं, मग गन जमिनीकडे धरून दाब सोडायचा, मग हातमोजे घालून नोझल खोलायचं, पाण्याने आणि ब्रशने साफ करायचं. याला पाच-दहा मिनिटं जातात.

ही पाच-दहा मिनिटं कोणाची? मजुरी टाकीवर, म्हणजे किती टाक्या औषध मारलं त्यावर ठरलेली असेल तर ती गड्याची जातात. तो जितका सावकाश, जितका जपून काम करील, तितके त्याचे पैसे कमी. हा दर ठरवताना मी त्याला न बोलता सांगितलेलं असतं की घाई कर. पुढे त्याच घाईला मी निष्काळजीपणा म्हणतो. आतला आवाज मला अडवतो तो इथे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी डोक्याइतकी उंच वाढलेली, हवा दमट, पंपातून निघणारे तुषार बारीक. ते अंगावर बसत होते, श्वासावाटे आत जात होते. चर्चा पुष्कळ झाली: औषधं तीव्र होती, मिश्रणं चुकली, विक्रेत्यांवर लक्ष नव्हतं. पण एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं, की मजुरांनी संरक्षक कपडेच घातले नव्हते. ते वाक्य मला परकं वाटत नाही. किट दिलं तरी ही माणसं घालत नाहीत, असं आमच्या पारावरही म्हणतात.

घालत नाहीत, हे खरंच आहे. भादव्याच्या उकाड्यात प्लॅस्टिकचा अंगरखा, मास्क आणि बूट घालून चिखलात पाईप ओढून पाहावा, म्हणजे कळतं. पण मग उपाय किट हातात देऊन मोकळं होणं नव्हे. फवारणी सकाळच्या गारव्यात ठेवायची, वारा पाठीशी घ्यायचा, गन धरणारा तासाभराने बदलायचा, शेतातच साबण-पाण्याची सोय करायची, इंजिनच्या पट्ट्यावर जाळी बसवायची, जुनाट पाईप टाकून द्यायचा. यातली एकही गोष्ट गड्याच्या हातातली नाही. सगळ्या माझ्या हातातल्या आहेत.

‘त्याने स्वतःहून काम घेतलं’ ही आणखी एक पळवाट. आमच्या घरातली शिकलेली पोरं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत नाहीतर पुण्यात नोकरीला असतात. गन धरायला येतो तो बहुधा ज्याला जमीन नाही तो. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आतलं पत्रक अनेक भाषांत, पण मुंगीएवढ्या अक्षरात. घरी गेल्यावर त्याचे औषधाने भिजलेले कपडे बायको हातानेच धुते, पुष्कळदा पोरांच्या कपड्यांबरोबर. धोका ठाऊक नसताना दिलेल्या होकाराला संमती कशी म्हणायची?

१९५८ साली केरळात खाद्यपदार्थांत पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलं जाऊन शंभरावर माणसं मेली, तेव्हा देशाला जाग आली. १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला, १९७१ साली नियम आले. फवारणी करणाऱ्याला योग्य कपड्यांचं संरक्षण असलंच पाहिजे, हे त्या नियमांत लिहिलेलं आहे. पण येळ्ळूरच्या बांधावर निरीक्षक उभा नसतो. तिथे कायद्याच्या जागी फक्त मालकाची सदसद्विवेकबुद्धी असते, आणि ती गप्प राहिली तर बोलणारं दुसरं कोणी नाही.

म्हणून माझा निवाडा असा. औषध मारायच्या कामाला मजुरी दिवसावर द्यायची, टाकीवर नाही. नोझल साफ करायला, अंग धुवायला, सावलीत बसायला जाणारा वेळ मजुरीतच धरायचा. त्याने शेतीचा खर्च वाढेल, पण तो खर्च पहिल्यापासून होताच. आजवर तो गडी आपल्या अंगावर सोसत आला. शिवारातल्या सगळ्या मालकांना हात जोडून सांगणं आहे: गडी जपून काम करत नाही, असं म्हणण्याआधी त्याला जपून काम करायला लागणाऱ्या वेळेचे पैसे द्या.