वेदना, विषाद आणि सब्र

सोलापुरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या कितीतरी भगिनींना वर्षानुवर्षे पाठदुखी जडलेली असते. पुढे झोप उडते, मन विझते, नमाजातही चित्त लागत नाही. पाठीला मलम मिळते. मनाला मात्र 'ईमान कमकुवत झाले' असा शेरा! हा न्याय मला मान्य नाही.

पुत्रवियोगाने हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांचे डोळे पांढरे पडले, असे कुरआन सांगतो (१२:८४). पैगंबराचे दुःख देहात उतरले. त्यांचे ईमान उणे होते, असे कोण म्हणेल? हजरत अय्यूब (अलैहिस्सलाम) यांनी व्यथा मांडली, तेव्हा पाय आपटून निघालेल्या पाण्याने स्नान करण्याचा व ते पिण्याचा आदेश झाला (३८:४२). दुआ कबूल झाली ती उपायाच्या रूपाने. सहीह बुखारीनुसार हजरत आयेशा (रजि.) तल्बीना, म्हणजे सातूची पातळ पेज, आजाऱ्याला आणि शोकग्रस्ताला, दोघांनाही द्यायला सांगत.

वेदना आणि उदासी मेंदूतील काही समान रसायनांशी निगडित आहेत. म्हणूनच ड्युलॉक्सेटिनसारखे औषध दोन्हींवर दिले जाते. ती नशा नव्हे. मात्र डॉक्टरांना न विचारता ते एकाएकी बंद करू नये. आणि पाठ दाखवायला गेल्यावर मनाचेही सांगावे, एरवी इलाज अर्धाच होतो. तोंडावर सांगणे जड वाटत असेल, तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.