वीज जाते, तिचं काम जात नाही

रोहिणी लागून दोन दिवस झाले होते. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून मातकट उजेड चढत आला आणि पाखरं एकदम गप्प झाली. गच्चीवर बिबडे, म्हणजे पापड, वाळत होते. ते गोळा करायला आई आणि वहिनी वर धावल्या. अर्धे उचलून होईतो वारा येऊन भिडला. आमच्याकडे अशा वाऱ्याला वावधन म्हणतात. पाऊण तासात ते निघून गेलं. शेजारच्या गोठ्याचे पत्रे आमच्या अंगणात येऊन पडले होते, शाळेमागचा निंब विजेच्या तारांवर आडवा झाला होता, आणि गावाबाहेर केळी घडांसकट झोपली होती.

गावठाणातली वीज तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, शेतातली नवव्या दिवशी. पुढे कितीतरी दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो, "आम्ही निभावलं." एकदा आईने ते ऐकलं. ती म्हणाली, "लाइट गेली बापा, पन तिचं काम कुठं गेलं व्हतं?"

काही वर्षं झाली, तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

वीज म्हणजे उजेड, असं आपण धरून चालतो. म्हणून वीज गेली की अंधाराबद्दल बोलतो, मेणबत्त्या शोधतो. पण त्या तीन दिवसांत अंधार ही सगळ्यांत हलकी अडचण होती. वीज घरात दिवसभर राबत असते. ती विहिरीतलं पाणी टाकीत चढवते, दळते, वाटते, औषध गार ठेवते, ४३ अंशांनी तापलेल्या भिंतींच्या आत माणसाला झोप लागू देते. ती गेली म्हणून यातलं एकही काम थांबत नाही. ते कुणाच्या तरी अंगावर येऊन पडतं.

आमच्या घरी ते कुणाच्या अंगावर आलं, हे आता नीट आठवून लिहितो. गावची पाण्याची टाकी पहिल्याच रात्री रिकामी झाली. हापशीवर पहाटे चारपासून रांग. घरात आठ माणसं आणि दोन म्हशी. दुभती म्हैस उन्हाळ्यात साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोचं ओझं. अशा वीसेक खेपा रोज वहिनीने आणि माझ्या बायकोने केल्या. दुसऱ्या दिवशी कळण्याच्या भाकरीचं पीठ संपलं आणि चक्की तर बंद. जिन्याखालचा घरोट, म्हणजे जातं, बाहेर निघाला आणि सत्तरी ओलांडलेली आई त्याच्यापुढे बसली. बाबांच्या इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात गेली. ते फडकं दर तासाला भिजवायची जबाबदारीही आईचीच. आठ महिन्यांच्या पुतणीला रात्रभर आळीपाळीने वारा घातला गेला. पंखा फिरतच होता, फक्त तो हाताने फिरत होता.

भाऊ आणि मी काय करत होतो? वायरमनला शोधणं, गावातल्या एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करणं, बागेत जाऊन पडलेली झाडं मोजणं, तलाठ्याबरोबर उभं राहणं. हीही कामंच होती. पण ती दिसणारी कामं होती, आणि रात्री आम्ही गच्चीवर झोपत होतो.

आमच्याच मुलखातल्या, आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना घरोटावर गाणी सुचली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. तेव्हापासून जातं म्हटलं की आपल्याला ओवी आठवते, आणि ओवीच्या गोडव्यात दगडाचं वजन विसरलं जातं. ओझं जड असतं म्हणून तर गाणं लागतं. वीज गेल्यावर कुणी "जुने दिवस परत आले" असं कौतुकाने म्हणतं, तेव्हा मला आईचे तळहात आठवतात. त्या तीन दिवसांत ती गात नव्हती.

वादळानंतर पंचनामा होतो. महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी खात्याची माणसं येतात. किती खांब वाकले, किती घरांचे पत्रे उडाले, किती क्षेत्रातली केळी पडली आणि नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक आहे का, याची नोंद होते. हे व्हायलाच हवं. मृगात लावलेल्या बागेचा घड कापणीला आलेला असताना झाड पडलं तर वर्षभराची कमाई जाते. पण विजेचं काम किती दिवस कुणी केलं, याला त्या कागदावर रकाना नाही. ज्याला रकाना नाही, त्याच्यासाठी पुढच्या वर्षी तयारीही होत नाही.

तयारी न होण्याचं दुसरंही एक कारण आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्याला नाव होतं आणि ते येणार हे आधीपासून माहीत होतं. किनाऱ्यावरची माणसं आधीच हलवली गेली. तरीही वीज परत यायला कितीतरी गावांना आठवडे लागले. खान्देशातलं वावधन बिननावाचं असतं. तापलेल्या जमिनीवर काही तासांत ढग उभा राहतो, त्यातून थंड हवा कोसळते आणि दहा-वीस गावं झोडपून तो विरतो. प्रत्येक वेळी गावं वेगळी, म्हणून प्रत्येक वेळी ती 'घटना' ठरते. मे २०२४ मध्ये यावल तालुक्यातच, सातपुड्यातल्या एका पाड्यावर, वादळात घर कोसळून एका कुटुंबातले चौघे गेले. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात मे-जूनमध्ये कुठे ना कुठे केळी झोपत नाही, असं वर्ष विरळाच. जे दर वर्षी येतं तो ऋतू असतो. पेरणीची तयारी आपण ऋतू म्हणून करतो. वावधनाला मात्र अपघात समजत राहतो.

खान्देशात वीज कमी तयार होते, असंही नाही. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. कोळसा, ऊन आणि वारा, तिन्हींपासून इथे वीज होते. पण ती आधी मोठ्या जाळ्यात जाते आणि उपकेंद्र, फिडर, डीपी असे टप्पे उतरत गावात येते. शेवटचे चार खांब पडले की दीपनगरच्या धुराड्याकडे बघून काही उपयोग नसतो. वीज दुरुस्तीच्या नियमांतही ग्रामीण भागाला शहरापेक्षा जास्त मुदत आहे, आणि नैसर्गिक आपत्तीत त्या मुदतीतूनही सूट आहे. वादळात तार जोडायला खांबावर चढणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात असतो, त्याला घाई करा म्हणणं योग्य नाही. तेव्हा वीज लवकर आणा एवढ्या मागणीने भागत नाही. ती येईपर्यंत तिचं काम कोण करणार, हे आधी ठरलेलं हवं.

शहरातही हेच. अशाच एका वादळात धुळ्याला माझ्या बहिणीच्या कॉलनीची पाण्याची पाळी चुकली. तापीवरून उपसून आणलेलं पाणी वीज नसली की वाटेतच अडतं, आणि पाळी मुळातच काही दिवसांआड येते. तिने शेजारणींबरोबर वर्गणी काढून टँकर मागवला. त्याच्या रांगेतही बायकाच होत्या.

त्याच धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी, काम कुणाचं हे आधी ठरवण्याची जुनी परंपरा आहे. फड पद्धतीत नदीवर बंधारा घालून पाणी निव्वळ उताराने शेतात नेलं जाई. तीन-चारशे वर्षं ती विजेशिवाय चालली. पण मला तिच्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. पाणी वळवायला पाटकरी होता, राखणीला जागल्या होता, आणि त्यांचा मोबदला सगळे शेतकरी मिळून धान्यात देत. सगळ्यांच्या गरजेचं काम कुणाच्या तरी चांगुलपणावर सोडलेलं नव्हतं. त्या कामाला माणूस होता, त्या माणसाला हक्काचा वाटा होता. वीज गेल्यावरच्या कामाला मात्र ना नेमलेला माणूस, ना वाटा. ते घरच्या बाईने करायचं असं कुणी ठरवलेलं नाही. ठरवलं नाही म्हणूनच ते तिच्याकडे जातं.

यावर करता येण्याजोगं पुष्कळ आहे. १ मेला गावोगाव ग्रामसभा भरते, रोहिणीच्या जवळपास साडेतीन आठवडे आधी. त्या सभेपुढे वावधनाच्या तयारीचा विषय दर वर्षी ठेवावा. तारांवर आलेल्या फांद्या त्याआधी छाटून झाल्यात का? गावच्या पाण्याच्या विहिरीवर सौरपंप किंवा ट्रॅक्टरवर चालणारं जनित्र आहे का? पंपाने टाकी भरली की पुढे पाणी आपल्या वजनानेच नळाला येतं. म्हणजे दिवसाला काही तासांची सोय झाली तरी वीस खेपा वाचतात. एक चक्की आणि आरोग्य उपकेंद्रातला औषधांचा फ्रिज यांना पर्यायी वीज मिळाली तर घरोट जिन्याखालीच राहील. आणि पंचनाम्यात दोन रकाने वाढवावेत: किती तास वीज नव्हती, आणि पाणी कुठून, कुणी आणलं.

घरातली तयारी मात्र ग्रामसभेवर सोडता येत नाही. आमच्याकडे आता ठरलं आहे, वीज गेली की पाणी भाऊ आणि मी भरायचं. गेल्या मेमध्ये वाऱ्यामुळे पुन्हा दोन दिवस वीज नव्हती. पहाटे हापशीवर गेलो तेव्हा रांगेत पुरुष आम्ही दोघेच होतो. बायकांनी आमच्याकडे पाहिलं, थोडं सरकून जागा दिली. पहिला हंडा उचलताना खांद्यात कळ आली, आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा अंगाने कळलं. विजेचं काम तिथेच होतं, रोजच्यासारखं, पंधरा किलोचं.