शुद्धता आणि न्याय

शालेय पाठ्यपुस्तकांतून बहिणाबाई चौधरींच्या कविता शिकविल्या जातात, तेव्हा त्यांतील खानदेशी बोलीचे रूप हे त्या कवितेचे सामर्थ्य म्हणून मांडले जाते. त्याच कवितेवरील उत्तरात विद्यार्थ्याने 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिले, तर मात्र ते अशुद्ध ठरते. बोलीचे जे रूप छापील पानावर प्रतिभा म्हणून गौरविले जाते, तेच उत्तरपत्रिकेत दोष ठरत असेल, तर हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत पात्राच्या तोंडी उच्चारानुसारी लेखनाला, म्हणजे 'केले'ऐवजी 'केलं' लिहिण्याला, मुभा आहे. कल्पित पात्राला मिळालेली अशी मुभा वर्गातील हाडामांसाच्या मुलाला मिळत नाही. शिवाय 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या संज्ञा निरुपद्रवी नाहीत. सोवळेओवळे पाळणाऱ्या समाजात त्या शब्दांमागे विटाळाची स्मृती उभी असते.

खडकीसारख्या ठिकाणी हा पेच अधिक गुंतागुंतीचा होतो. लष्करी छावणी आणि १८६९ मध्ये उभा राहिलेला दारूगोळा कारखाना यांच्या आश्रयाने तेथे मराठीच्या विविध बोलींबरोबर दखनी, तमिळ, तेलुगू बोलणारी कुटुंबेही स्थिरावली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावयास हवे. परंतु अशा वर्गात मातृभाषा एक नसते. आणि जिची मातृभाषा मराठीच आहे, त्या मुलीचीही घरची मराठी पुस्तकी नसते. लाल शाईच्या धाकाने मूल घरचे शब्द व उपमा टाळून पाठ केलेली वाक्ये लिहू लागते. चूक टळते, पण तिच्यासोबत विचारही टळतो.

यावर प्रमाणभाषाच नाकारणे हा उपाय नव्हे. न्यायालय, कचेरी व स्पर्धापरीक्षा यांची दारे तीच उघडते; ती न शिकविणे म्हणजे वंचिताला पुन्हा दाराबाहेर ठेवणे होय. भेद करावयाचा आहे तो शिकविणे आणि तोलणे यांत. प्रमाणभाषा सर्वांना द्यावी. परंतु आशयाचे मूल्यमापन तिच्यावर अवलंबून ठेवू नये. 'पानी' लिहिणाऱ्याला 'पाणी' अवश्य शिकवावे, मात्र त्याने पाण्याविषयी काय म्हटले आहे, ते आधी वाचावे.