आप्ताची रुग्णशय्या : मोह आणि करुणा

कालपर्यंत हिंडतेफिरते असलेले भावंड आज अकस्मात अंथरुणास खिळावे, असा प्रसंग ओढवला म्हणजे साऱ्या कुटुंबाची परीक्षा सुरू होते. औषधोपचाराचा प्रश्न वैद्याकडे जातो. परंतु एक प्रश्न घरच्यांपाशीच उरतो. रुग्णाच्या उशाशी माणसाला बसविणारी प्रेरणा कोणती? आपले माणूस आपणांस अंतरेल ही भीती, की त्याचे दुःख हलके व्हावे ही इच्छा? पहिलीस मोह म्हणावे, दुसरीस करुणा. दोहोंच्या डोळ्यांतील पाणी सारखेच दिसते. म्हणून त्यांचा भेद दृष्टान्ताने पाहणे बरे.

पहिला दृष्टान्त पनवेलनजीकच्या शिरढोण गावचा. तेथे १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीस होते. गावी मातोश्री अत्यवस्थ असल्याचे वर्तमान आले, तेव्हा त्यांनी रजा मागितली; ती वेळेवर मिळाली नाही. ते शिरढोणास पोचले, तेव्हा सर्व आटोपले होते. पुढे १८७९ साली त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारले; तरी त्यांच्या चरित्रात ही चुकलेली भेट आवर्जून सांगितली जाते. ते वेळेवर येते तर आई वाचली असती, असे कोणी म्हणत नाही. तरीही ती भेट न झाल्याचा सल राहतो. यावरून दिसते की, सान्निध्याचे मोल रोग बरा होण्यावर अवलंबून नाही.

दुसरा दृष्टान्त भावंडांचाच आहे. मुंबईत १८९६ साली शिरलेला प्लेग पुढे नाशिक जिल्ह्यात पसरला आणि १८९९ साली भगूर येथे दामोदरपंत सावरकर त्यास बळी पडले. त्यांच्या पत्नी १८९२ सालीच पटकीने निवर्तल्या होत्या. पोरक्या झालेल्या भावंडांत सर्वांत धाकटा नारायण अकरा वर्षांचा. त्यालाही प्लेगने गाठले. नाशिकच्या रुग्णालयात थोरले बंधू गणेश उपाख्य बाबाराव त्याच्या शुश्रूषेस राहिले. त्यांचे वय अवघे वीस. मधले बंधू विनायक बाहेरून अन्न पोचवीत. पुढे बाबारावांनाही तोच रोग जडला. सुदैवाने दोघेही बचावले. नारायण मोठेपणी डॉक्टर झाले. या बंधूंच्या पुढील राजकारणाविषयी मतभेद आहेत. येथे प्रयोजन त्या रुग्णशय्येपुरतेच आहे.

त्या काळी प्लेगवर गुणकारी औषध नव्हते. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत सिद्ध केलेली लस रोग टाळण्यासाठी होती. जडलेला रोग तिने बरा होत नसे. म्हणजे बाबारावांच्या हाती देण्याजोगे होते ते एवढेच : घोटभर पाणी, अंगाची स्वच्छता आणि ओळखीचा आवाज.

येथे शंका अशी की, वडील गेल्यावर ज्याच्यावर घर उभे, त्या थोरल्याने आपला प्राण संकटात घालावा काय? तो गेला असता तर मागे राहिलेल्यांचे कोण? ही शंका पोकळ नव्हे. तिचे समाधान असे. मोह एक तर पळ काढतो, नाही तर सर्वांना एकाच खोलीत लोटतो. करुणा मात्र कामे वाटून घेते. एकाने आत राहावे, दुसऱ्याने बाहेर राहून अन्न आणावे. संकट पत्करलेच, तर ते रुग्णाच्या गरजेपुरते. २०२० सालच्या करोनाच्या साथीत तर कित्येक घरच्यांना दाराबाहेरच थांबावे लागले. आपल्यामुळे रोग इतरांस लागू नये, म्हणून जो बाहेर थांबला, त्याचे थांबणेही शुश्रूषेतच मोडते. जवळ जावे की दूर राहावे, हे रुग्णाचे व इतरांचे हित पाहून ठरवावे. आपल्या मनाच्या समाधानावरून ठरवू नये.

दुसरी शंका अशी की, सर्व करूनही भावंड गेले, तर केलेले व्यर्थ गेले काय? ‘आणखी एका वैद्याकडे नेले असते तर’ हा विचार मागे राहिलेल्यांना वर्षानुवर्षे जाळतो. परंतु रोगाचा शेवट कोणाच्याच स्वाधीन नव्हता. स्वाधीन होती ती सेवा. ती झाली असेल, तर स्वतःला अपराधी ठरविणे न्याय्य नाही.

दार्ष्टान्तिक हे की, घरात आजार शिरला असता प्रत्येकाने आपला वाटा ओळखावा. रात्री जागणाऱ्यास कोणी तरी दिवसा झोपू द्यावे. त्याच्या तोंडून कधी कठोर शब्द निघाला, तर तो शिणवट्याचा समजावा. निरोगी मुलांच्या जेवणाची आठवण ठेवावी. तीही भ्यालेली असतात. आणि रुग्णाजवळ बसणाऱ्याने आपले भय क्षणभर बाजूस ठेवून त्यास इतकेच विचारावे : तुला आता काय हवे? उत्तर बहुधा फार थोडे असते, आणि ते देणे बहुधा शक्य असते.