आपल्यातल्यांचा हिशेब

परक्या मालकाशी भांडता येतं. आपल्याच माणसाकडे हक्काचे पैसे मागायचे म्हटले, की मात्र जीभ रेटत नाही. काम त्यानेच दिलेलं असतं, सणावाराला तोच भेटणार असतो.

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये कपडे शिवणाऱ्या बायका 1982 साली याच पेचात सापडल्या. बहुतेक जणी हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधून आलेल्या, इंग्रजी जेमतेम. मजुरी नगावर, जेवढ्या बाह्या, जेवढ्या चेनी, तेवढे पैसे. नवरे बहुधा हॉटेलांत राबणारे, त्यांना आरोग्य विमा नाही. त्यामुळे घरातलं दुखणंखुपणं निभायचं ते या बायकांना युनियनमुळे मिळणाऱ्या विम्यावर. त्या उन्हाळ्यात युनियनच्या नव्या कराराची वेळ आली आणि या बायकांचे मालक, म्हणजे चिनी कंत्राटदार, सही करेनात. आपण सगळे चिनी, आपलं आपण बघून घेऊ, युनियन कशाला मध्ये, असा त्यांचा सूर होता.

कंत्राटदारही सुखात नव्हते. त्यांना काम देणाऱ्या मोठ्या कंपन्या भाव पाडत होत्या. पण वरच्याने भाव पाडला की खालच्या बाईची मजुरी कापायची, आणि वर तिलाच आपलेपणाची आठवण करून द्यायची, हे बायकांना पटलं नाही. त्यांनी एकमेकींना फोन केले, चिनी भाषेतली पत्रकं वाटली. या बायका रस्त्यावर उतरतील का, अशी शंका युनियनमध्येही काहींना होती. 24 जूनला मशीनं थांबली आणि सुमारे 20,000 कामगार, त्यांत बहुसंख्य बायका, कोलंबस पार्कात जमले. काही दिवसांनी पुन्हा मोर्चा निघाला. कंत्राटदारांनी सह्या केल्या. त्यानंतर दोनेक वर्षांत या कामगारांच्या मुलांसाठी चायनाटाउनमध्ये पाळणाघरही सुरू झालं.

या बायकांनी आपल्या माणसांशी नातं तोडलं नाही. सह्या झाल्यावर त्या त्याच मालकांकडे, त्याच मशीनवर कामाला बसल्या. फक्त मजुरी आणि विमा कुणाच्या मर्जीवर न राहता कागदावर आला.

आपल्या घरात, दुकानात, शेतावरही गावाकडचं, ओळखीतलं, लांबच्या नात्यातलं कुणीतरी राबत असतं. ‘घरच्यासारखीच आहे’ असं आपण कौतुकाने सांगतो. तिची सुट्टी, तिची पगारवाढ, तिच्या दवाखान्याचा खर्च यांचं काय ठरलंय, हा विषय आज तिने विचारायच्या आत आपणच काढावा.