सर, ओटीपी सांगता का?

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण बातम्यांत रोज वाचतो, पण त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत हे सहसा लक्षात येत नाही. मराठेशाहीतल्या पत्रांवर शिक्का असायचा माथ्याशी आणि मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीला जी छोटी मुद्रा दिसते, तिच्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं आहेत. म्हणजे पत्र इथे संपलं. याखाली कुणी काही जोडलं तर ते आमचं नव्हे. शिक्का सांगतो की हे बोलणं कुणाचं आहे. मोर्तब सांगतं की ते कुठपर्यंत आहे.

हे आठवायचं कारण तसं रुक्ष आहे: संशोधन प्रकल्पांचे प्रस्ताव. मी राजगुरुनगरला राहतो आणि कॉलेजात शिकवतो. आमच्यासारख्या शिक्षकाला संशोधनासाठी निधी हवा असेल तर प्रस्ताव विभागप्रमुख, प्राचार्य आणि मग विद्यापीठ किंवा दिल्लीतली संस्था अशा पायऱ्या चढत जातो. पूर्वी हा प्रवास फायलीतून व्हायचा, आता बराचसा पोर्टलवरून होतो. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत ‘बीसीयूडी पोर्टल’ हे नाव शिक्षकांच्या तोंडी बसलेलं आहे. केंद्राकडचे प्रस्ताव ‘सर्ब’च्या पोर्टलवर भरले जायचे, २०२३च्या कायद्यानं सर्बची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशननं घेतली. कागद गेला, स्क्रीन आली. पण मंजुरी देणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न तसाच राहिला.

आधी स्क्रीनच्या बाजूनं बोलतो, कारण मी त्याच बाजूचा आहे. गणेशखिंडीतल्या आवारात काम करणारा माणूस चहाच्या सुट्टीत जाऊन फाईल कुठे अडली ते बघून येऊ शकतो. राजगुरुनगरच्या माणसाला त्यासाठी रजा टाकावी लागते. चाकणच्या चौकातला ट्रॅफिक, मोशी, भोसरी असं करत सुमारे ४० किलोमीटर जायचं आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकून परत यायचं. नियम दोघांना एकच, पण तो पाळण्याची किंमत एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला अख्खा दिवस. शिवाय फाईल कुठल्या टेबलावर आहे हे कळायलाही आत कुणीतरी ओळखीचं असावं लागायचं. आपलंच काम कुठे आहे हे कळणं ही मेहेरबानी असता कामा नये. पोर्टलनं ती संपवली, तर तो न्याय आहे, नुसती सोय नाही.

आता दुसरी बाजू. समजा, आमच्या तालुक्यातल्या भूगोलाच्या एका शिक्षिकेला विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करायचा आहे. एकीकडे चाकण एमआयडीसीच्या आसपासची गावं, दुसरीकडे चासकमान धरणाकडची भीमेच्या खोऱ्यातली. पाण्याची पातळी पावसाआधी मे महिन्यात मोजायची आणि पावसानंतर ऑक्टोबरमध्ये. जानेवारीच्या अखेरीस त्यांनी प्रस्ताव भरला. सहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर तीन आठवडे लागतात. प्रत्येकाची मुदत तेवढीच, म्हणजे कुणीही नियम मोडलेला नाही. अठरा आठवड्यांनी, जूनमध्ये मंजुरी येते. तोवर मे गेलेला असतो. कुणीही ‘नाही’ म्हटलं नाही, तरी अभ्यास वर्षभर मागे पडला.

दोष कुणाचा? अमेरिकन विचारवंत डेनिस थॉम्पसन यांनी १९८० साली याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हटलं. निर्णयात इतके हात असतात की जबाबदार हात सापडत नाही. हॅना आरेंट नोकरशाहीला ‘कुणाचंच नसलेलं राज्य’ म्हणायच्या. जाब विचारायला गेलं, तर समोर कुणी नसतं.

पोर्टल याचं अर्धं उत्तर देतं. प्रत्येक हाताची तारीख आणि वेळ नोंदली जाते. पण वाचन नोंदलं जात नाही. ११ वाजून ४२ मिनिटांनी उघडलेला प्रस्ताव ११ वाजून ४३ मिनिटांनी मंजूर झाला, तर साहेब तेव्हा हजर होते एवढंच कळतं.

खरं तर तेवढंही कळत नाही. कितीतरी कार्यालयांत पासवर्ड क्लार्ककडे असतो आणि दुपारी फोन जातो: ‘सर, ओटीपी सांगता का?’ माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यानं डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिली आणि आपली गुप्त कळ ताब्यात ठेवण्याची जबाबदारी कलम ४२ नुसार सही करणाऱ्यावरच टाकली. तंत्र तर चोख आहे. सहीनंतर मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी पडताळणी फसते. हे आजच्या काळातलं मोर्तबच. मजकूर बदललेला नाही हे यंत्राला कळतं. बोट कुणाचं होतं, हे नाही.

पूर्वीही रबरी शिक्का क्लार्कच्याच ड्रॉवरमध्ये असायचा, हे खरं. पण सही हातानं करावी लागायची. आता सहीही उसनी देता येते. यात अडकतो तो सगळ्यात खालचा माणूस, बहुतेकदा कंत्राटी. अधिकार साहेबांचा, बोट त्याचं. उद्या चौकशी लागली तर ‘मला विचारून केलं नाही’ असं म्हणायची सोय एकालाच असते.

प्राचार्यांची बाजूही खोटी नाही. प्रवेश, परीक्षा, नॅक, त्यात रोज वीस मंजुऱ्या. सगळं वाचणार कधी? पण मग मागणी कमी मंजुऱ्यांची करायला हवी, जलद मंजुऱ्यांची नाही. प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारावा: आधीच्या माणसाला ठाऊक नाही असं या माणसाला काय ठाऊक आहे? काम होण्याजोगं आहे का, हे विभागप्रमुख सांगू शकतात. शिक्षिकेला वेळ मिळेल का, हिशेब कोण ठेवेल, हे प्राचार्य सांगू शकतात. विषयात दम आहे का, हे तज्ज्ञ. ज्याच्याकडे उत्तर नाही, तो टप्पा काढावा. धोका असा की पोर्टलवर एक टप्पा वाढवायला काहीच लागत नाही, आणि तो वाढवणाऱ्याला स्वतः कुठे थांबावं लागत नाही.

तसंच नकाराचं. ‘परत पाठवला’ हे बटण कारण लिहिल्याशिवाय चालूच नये. समोरचा माणूस विचार करू शकतो, दुरुस्ती करू शकतो, असं मानलं तरच आपण त्याला कारण देतो.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? ‘मी अटी वाचल्या आहेत’ यावर आपण सगळेच न वाचता टिक करतो. फरक एवढाच की ती टिक आपल्यालाच भोवते. ‘सही करण्याआधी वाच’ असं घरातली मोठी माणसं सांगायची, कारण सावकाराच्या कागदात आपली जमीन जायची. उद्या तुमच्यापैकी कुणी विभागप्रमुख होईल, कुणी क्लार्क, कुणी पोर्टल बनवेल. तेव्हा त्या कागदात आपलं काहीच जाणार नसेल. जाईल ते दुसऱ्या कुणाचं तरी एक वर्ष. तरीही वाचायचं.